फ्रिजवरची वही

गणितात मला सत्तावीस मार्क पडले आणि आमच्या घरात कोणीही ओरडलं नाही. संशय यायला एवढं कारण पुरेसं आहे.

आमचं घर कसं आहे ते आधी सांगते, नाहीतर मलाच संशयखोर ठरवाल. सहावीत भूगोलात एकाहत्तर मिळाले तेव्हा आई तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आठवीत बाबांनी माझं प्रगतिपुस्तक दोन बोटांत धरून, ‘हे काय आहे?’ असं विचारलं होतं, जसं काही मी ते रस्त्यावरून उचलून आणलं होतं. आणि आता तर दहावी, पास व्हायला पस्तीस लागतात आणि माझे सत्तावीस. बाकीच्या विषयांत बरे होते, पण बाकीचे विषय कोण बघतो? मी पूर्ण तयारीत होते. तीन सबबी, एक जुना ताप आणि वेळ पडलीच तर रडणं. यातलं एकही बाहेर काढावं लागलं नाही.

सोमवारी दुपारी एक वाजता आईच्या फोनवर निकाल उघडला. तिचा अंगठा गणिताच्या ओळीवर थांबला. मी डोळे मिटले. आई म्हणाली, “बरं. भूक लागली असेल ना तुला?”

संध्याकाळी बाबा आइस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आले. माझ्यासमोर वाटी ठेवून, भिंतीकडे बघत म्हणाले, “मार्क म्हणजे काही सगळं नसतं.” हे वाक्य त्यांचं नव्हतं. घोकून आल्यासारखं वाटत होतं ते, आणि घोकलेलं मला लगेच ओळखू येतं, कारण मीही इतिहासात तेच करते. आजोबांनी गॅलरीतली आपली खुर्ची उचलली आणि माझ्या खोलीच्या दाराबाहेर आणून ठेवली. म्हणाले, गॅलरीत वारा लागतो. वीस वर्षं त्यांना तो वारा लागत होता तेव्हा काही झालं नव्हतं.

मनात शंकेची पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आजोबा मला लहानपणापासून ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात, कारण मी प्रत्येक गोष्टीचा तपास करते. तेव्हा तपास सुरू केला. मंगळवारी सकाळी न्हाणीघराच्या दाराची कडी गायब होती. चार भोकं तेवढी उरलेली. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे आहेत, शहरातल्या पन्नास इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे आहेत. असा माणूस घरातली साधी कडी ‘दुरुस्तीला’ बाहेर देईल? ते स्वतःच चार स्क्रू फिरवून बसवतील. मी विचारलं तर म्हणाले, “सैल झाली होती गं, दुरुस्तीला दिलीय.” आणि कान खाजवायला लागले. बाबा खोटं बोलताना कान खाजवतात, हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

मग औषधांचा डबा. तो स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी असायचा. आता आईच्या कपाटात, कुलपात. मग गच्चीच्या दाराला नवं कुलूप. मग आईची ड्यूटी. आई मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, अपघात विभागात, आणि तिला या आठवड्यात रात्रपाळी होती. ती तिने बदलून घेतली. आई रात्रपाळी बदलून मागत नाही, लोक तिच्याकडे मागतात.

आणि शेवटी, कुजबुज. सकाळी आठला आई दिवसपाळीला निघते तेव्हा बाबा कामावर न जाता थांबतात आणि दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काहीतरी बोलतात, हलक्या आवाजात, भराभरा. मी पाणी प्यायला गेले की आई म्हणते, “तर मग दूध तापवून ठेवा.” एकदा मात्र माझ्या कानावर शेवटचा तुकडा पडला. आई म्हणत होती, “सगळं वहीत लिहिलंय, वाचा आणि पुढचं तुम्ही लिहा.”

वही म्हटल्यावर माझी नजर फ्रिजवर गेली.

आमच्या घरात एकदाच वही होती. आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती तेव्हा. निळ्या पुठ्ठ्याची, फ्रिजवर ठेवलेली, दोरीने पेन बांधलेली. आईने दवाखान्यातल्यासारखी पाळ्यांची पद्धत लावली होती. ज्याची पाळी संपली त्याने लिहायचं, ज्याची सुरू झाली त्याने वाचायचं. औषध दिलं, खाल्लं, झोपली, ताप इतका. तेव्हाही न्हाणीघराची कडी काढली होती, आजी आत पडली तर दार उघडता यावं म्हणून. तेव्हाही औषधं कुलपात गेली होती, आजीने एकदा गोळ्या दुसऱ्यांदा घेतल्या म्हणून. वहीचं शेवटचं पान आईच्या अक्षरात आहे आणि त्यावर फक्त वेळ आहे. त्यानंतर फ्रिजवर काही ठेवलं गेलं नाही.

म्हणजे घरात कोणीतरी आजारी होतं. माझे सत्तावीस मार्क कोणाच्या गावीही नव्हते, कारण यांच्यासमोर त्याहून मोठं काहीतरी उभं होतं, आणि मला ताकास तूर लागू देत नव्हते. कोण आजारी, हे कळायला इन्स्पेक्टर असायचीही गरज नव्हती. आई धडधाकट होती, बाबा पन्नास इमारतींचे जिने चढत होते. उरले आजोबा. एकोणऐंशी वर्षांचे. ज्यांनी दुपारचं फिरणं अचानक बंद केलं होतं आणि जे दिवसभर माझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत होते, कारण बहुतेक त्यांना आता एकटं राहायची भीती वाटत होती.

मला फार वाईट वाटलं. खरं सांगते, सोमवारी रात्री मार्कांसाठी जेवढं रडले त्याच्या दुप्पट मंगळवारी आजोबांसाठी रडले. उशीत तोंड घालून, आवाज न करता. बुधवारी सकाळी डोळे सुजलेले होते. आईने ते पाहिले आणि बशी जोरात ठेवली.

माझ्या दप्तरात एक फॉर्म होता. शाळेने निकालाआधीच सगळ्यांना वाटून ठेवलेला. दीड महिन्याने फेरपरीक्षा, एका विषयाची, तीन तासांची. खाली ‘पालकाची सही’. शुक्रवारी बारापर्यंत ऑफिसात द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. ओरडाआरडा झाला असता तर त्याच गोंधळात मी तो पुढे सरकवला असता. पण आजोबा जायला निघालेत आणि मी म्हणू, आई, इथे सही कर? माझी हिंमत होईना. वर्ष काय, पुन्हा येतं. आजोबा येणार होते का?

तेव्हा मी ठरवलं की जितके दिवस आहेत तितके दिवस त्यांना जपायचं. न सांगता, कारण तेही मला सांगत नव्हते.

त्यांच्या चहातली साखर अर्धी केली. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातातून काढून घेऊ लागले. बुधवारी दुपारी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. आजोबा एकदम ताठ झाले. “काय गं इन्स्पेक्टर?” मी म्हटलं, “काही नाही. तुम्ही मला खूप आवडता, एवढंच.” त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मी मनात म्हटलं, झालं, त्यांनाही कळलंय की मला कळलंय. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, एकमेकांकडे बघत. मी त्यांचा श्वास मोजत होते. ते काय मोजत होते ते मला नंतर कळलं.

त्याच दिवशी मी माझा कॅल्क्युलेटर समोरच्या घरातल्या मुलीला देऊन टाकला. ती आठवीत आहे. तो टेबलावर दिसला की मला सत्तावीसच आठवायचे, म्हणून दिला. संध्याकाळपर्यंत समोरच्या काकू दोनदा आमच्याकडे येऊन आईशी जिन्यात बोलून गेल्या. एका कॅल्क्युलेटरसाठी!

गुरुवारी मी कळस केला. घरात माझीच खोली उजेडाची. आजोबा झोपतात ती बोळकांडीसारखी, खिडकी भिंतीकडे उघडणारी. आजारी माणसाला उजेड हवा. मी कपाट आवरलं, जुनी वह्या-पुस्तकं बांधली, कपड्यांचे गठ्ठे केले आणि रात्रीच्या जेवणाला सगळे बसलेले असताना म्हटलं, “माझी खोली आजोबांना द्या. मला आता नकोय.”

आईच्या हातातला डाव भातात पडला. बाबांनी विचारलं, “नकोय म्हणजे?”

“म्हणजे मला काय करायचीय आता? मी सगळं आवरून ठेवलंय.”

बाबा उठले आणि खिडक्या लावून आले. बाहेर वारा नव्हता. आई माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझी आई पाठीवरून हात फिरवणाऱ्यांतली नाही. ती मनगट धरून नाडी बघणाऱ्यांतली आहे. नंतर मी झोपल्याचं सोंग करून पडले तेव्हा ती तिघं स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होती आणि मध्येच आईचा रडण्याचा आवाज आला. मी समजले, आता फार दिवस नाहीत.

शुक्रवारी आईला सुट्टी मिळाली नाही. बाबांनी घेतली होती, पण दहाच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती, आत एक बाई आणि तिचं तान्हं मूल. बाबा दारात तीनदा जाऊन तीनदा परत आले. आजोबांना म्हणाले, “अप्पा, लक्ष असू द्या.” आजोबा म्हणाले, “तू जा रे, मी आहे.” मला वाटलं, कोण कोणाला सांगतंय! लक्ष तर मला ठेवायचंय.

मग घरात आम्ही दोघंच. साडेदहा झाले. आजोबांची दाढी वाढली होती, आणि आजोबा म्हणजे दाढी न करता सकाळ घालवणारा माणूस नव्हे. एकतीस वर्षं ते बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी कधी सुटली, कधी आली, ते रजिस्टरात लिहायचं. घड्याळासमोर बसणारा माणूस अजागळ दिसता कामा नये, असं त्यांचं मत. पण या आठवड्यात ते न्हाणीघरात जायचेच टाळत होते, गेले तरी दोन मिनिटांत परत. शेवटी उठले. दाराशी घुटमळले.

“इन्स्पेक्टर, मी दाढी करतो. तू इथे बाहेरच बस. आणि काहीतरी म्हणत राहा.”

“काय म्हणू?”

“काहीही. पाढे म्हण. मोठ्याने. मला आत करमत नाही.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत एकट्याला भीती वाटते बिचाऱ्यांना. मी म्हटलं, “म्हणते. तुम्ही सावकाश करा.” दार लोटलं गेलं, कडीविना. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि सुरू केलं. “सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस.”

खुर्चीच्या उशीखाली काहीतरी कडक लागलं. हात घातला. तशीच निळ्या पुठ्ठ्याची, पण नवी वही, पेन दोरीला बांधलेलं.

“सतरा त्रिक एक्कावन्न,” मी म्हटलं आणि वही उघडली. मला एवढंच बघायचं होतं की आजोबांना नक्की काय झालंय.

पहिल्या पानावर आईचं अक्षर होतं. ‘सोमवार. निकालानंतर. दु. १.१० – शांत. रडली नाही. आवाज बारीक. जेवली, पण विचारल्यावर.’

खाली बाबा. बाबा वहीतही लिफ्टचा तक्ता भरतात, एकाखाली एक, पुढे बरोबरच्या खुणा. ‘दार – उघडं. दिवा – चालू. भूक – ठीक. आइस्क्रीम – एक वाटी. हसली – नाही. वाक्य बोललो (मार्क म्हणजे सगळं नसतं) – परिणाम दिसला नाही.’

मग आजोबांचं तिरकं, नेटकं अक्षर. ‘मंगळ. ४.१० निघाली. ४.३२ आली. कोपऱ्यावरचं दुकान. पिशवीत ब्रेड. मी जिन्यापर्यंत मागे होतो, तिला दिसलो नाही.’ ‘बुध. २.४५ माझा हात धरला. म्हणाली, तुम्ही खूप आवडता. पंधरा मिनिटं हात सोडला नाही. मला हे बरं वाटलं नाही.’ त्याखाली आईने लाल पेनने लिहिलं होतं, ‘कॅल्क्युलेटर देऊन टाकला. स्वतःच्या वस्तू वाटणं. लक्ष ठेवा.’ आणि दोन रेघा. शेवटची नोंद गुरुवार रात्रीची, पुन्हा आईची. ‘म्हणाली, खोली नकोय आता. सगळं आवरलंय. देवा, माझ्या पोरीला’ आणि पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

पेशंट मी होते.

मी वही मांडीवर घेऊन बसले. कडी माझ्यासाठी काढली होती. औषधं माझ्यापासून लपवली होती. गच्ची, खिडक्या, खुर्ची, सगळं माझ्यासाठी. पुढचा पाढा म्हणायचा राहून गेला.

न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं. आजोबा बाहेर आले ते धावतच. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, बनियनवर, अर्धा गाल साबणाने माखलेला, अर्धा कोरडा, हातात दाढीचा ब्रश. पाय घसरला आणि त्यांनी चौकट धरली. “कुठे आहेस? थांबलीस का? का थांबलीस?”

मी त्यांच्या खुर्चीतच होते. त्यांनी मला पाहिलं, वही पाहिली आणि ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

“आजोबा,” मी म्हटलं, “तुम्हाला काय झालंय?”

“मला? मला काय धाड भरलीय?”

“म्हणजे तुम्ही आजारी नाही?”

“कोण म्हणालं मी आजारी आहे?”

मी हसायला लागले. आणि हसता हसता मला इतका राग आला की मी उभी राहिले आणि ओरडले. आठवड्याभराचं साचलेलं सगळं ओरडले. की मी नापास झालेय, मेलेली नाही. की मला तुमच्यापैकी कोणी एकाने धड शिवी घातली असती तरी बरं वाटलं असतं. की कॅल्क्युलेटर बघून सत्तावीसच आठवत होते म्हणून दिला, आणि खोली तुमच्यासाठी देत होते, तुम्हाला मरताना उजेड मिळावा म्हणून! आजोबा खाली बसून ऐकत होते. त्यांच्या गालावरचा साबण ओघळून बनियनवर आला होता.

“माझ्यासाठी खोली?” ते म्हणाले.

“मग कोणासाठी?”

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं हसताहेत. हसत नव्हते. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, “मला वाईट वाटलं होतं. खूप. सोमवारी तर वाटलं की आता कोणाला तोंड दाखवू नये. पण तसलं काही नाही हो माझ्या डोक्यात. विचारायचं ना मला.”

“विचारायची भीती वाटली,” आजोबा म्हणाले. “विचारलं आणि तू हो म्हणालीस तर?”

मीही कुठे विचारलं होतं त्यांना? चार दिवस मी त्यांचा श्वास मोजला, पण तोंडाने विचारलं नाही. आमच्या घरात सगळे लिहून ठेवतात.

मग मी दप्तरातून फॉर्म आणला आणि त्यांच्यासमोर धरला. आजोबांनी आधी वेळ वाचली. ते कुठल्याही कागदावर आधी वेळ वाचतात. “आज बारा? आणि आत्ता?” भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस झाले होते. “अगं, मग इथे काय रामायण लावलंयस!”

आम्ही निघालो. त्यांनी तोंड पुसलं, फॉर्मवर स्वतःची सही ठोकली, पण दाढी अर्धीच राहिली, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरे खुंट. शाळा वीस मिनिटांवर. आजोबांच्या पायाने पस्तीस. मी म्हटलं, रिक्षा करू, तर एकही थांबेना. मग आम्ही भरभर चालायला लागलो आणि चालता चालता मी त्यांना विचारलं, की माझं वर्ष गेलं तर काय लिहाल वहीत?

“उशिरा,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं गाड्या लिहिल्या मी. पंक्चर झालेल्या, रस्ता चुकलेल्या, एकदा तर ड्रायव्हर लग्नाला थांबला होता. येईपर्यंत ती ओळ मोकळी ठेवायची. आली की वेळ लिहायची आणि पुढे लिहायचं, उशिरा. उशिरा आलेली गाडीही आलेलीच असते. आता बोलू नकोस, मला दम लागतो.”

ऑफिसची खिडकी क्लार्क बाई लावतच होत्या. “वेळ संपली,” त्या म्हणाल्या आणि मागच्या घड्याळाकडे बोट केलं. बारा वाजून चार मिनिटं.

आजोबांनी आपलं मनगट वर केलं. “तुमचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे.”

“असं कसं? रोजचं घड्याळ आहे हे.”

“म्हणजे रोजच सहा मिनिटं पुढे आहे. फोन काढा, बघा.”

बाईंनी त्यांच्या अर्ध्या दाढीकडे संशयाने बघत फोन काढला. बघितला. खिडकी पुन्हा उघडली. मग सहीपाशी अडल्या. “पालक म्हणून वडिलांची सही आहे आमच्याकडे. तुम्ही कोण?”

“ते हिचे पालक आहेत ना, त्यांचा मी पालक,” आजोबा म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. फॉर्म त्यांनी एका गठ्ठ्यावर ठेवला. तो गठ्ठा उशीएवढा जाड होता. मी विचारलं, हे सगळे कोणाचे? “तुझ्यासारख्यांचे,” त्या म्हणाल्या. “तुझा एकशे चौदावा. गणिताचेच जास्त.” सोमवारपासून मला वाटत होतं की अख्ख्या गावात मी एकटीच. एकशे तेरा जणांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. अर्थात मीही त्यांना सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आई-बाबा आले तेव्हा वही जेवणाच्या टेबलावर उघडी होती. आईने ती पाहिली आणि पर्स न काढताच खुर्चीत बसली. मी दुपारपासून भांडणाची तयारी केली होती, पण तिचा चेहरा पाहून अर्धीच वाक्यं आठवली. तरी ओरडले. म्हटलं, हेरगिरी करत होता तुम्ही माझ्यावर. बाबांनी कान खाजवायला हात उचलला आणि खाली ठेवला.

आई म्हणाली, “दर वर्षी निकालाच्या आठवड्यात आमच्याकडे मुलं आणतात. तुझ्याएवढी. काहींना आम्ही घरी पाठवतो.” तिने खांद्यावरची पर्स मांडीवर ओढली. “मी त्यांच्या आयांना विचारते, आधी काही दिसलं होतं का? सगळ्या एकच सांगतात. नाही हो, छान वागत होती. चार दिवस किती शहाण्यासारखी वागत होती. आणि तू, तू चार दिवस इतकी शहाण्यासारखी वागत होतीस!” आणि तिने रडायला सुरुवात केली, सगळ्यांसमोर, दिवा लागलेल्या खोलीत. मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं. मी जाऊन तिच्या खांद्याला डोकं लावलं. म्हटलं, “आई, पुन्हा असं वाटलं ना, तर विचार मला. सरळ. मी खरं सांगेन. आणि मला तसं वाटलं तर तुला येऊन सांगेन, वहीत लिहिणार नाही.”

“शपथ?”

“शपथ. पण आधी कडी लावा. चार दिवस अंघोळ करताना एक पाय दाराला लावून उभी आहे मी.”

बाबा उठले. कडी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतच होती, दुरुस्तीला गेलेली. त्यांनी स्क्रू बसवायला घेतले, आणि ज्या माणसाने पन्नास लिफ्ट सांभाळल्या त्याला चार स्क्रू बसवायला पाव तास लागला. कडी दोनदा सरकवून पाहिली. तिसऱ्यांदा पाहिली. मग बाजूला झाले.

मी आत गेले आणि कडी लावली. खट्ट आवाज झाला. बाहेर एकदम शांतता. बाबांच्या चपलांचा आवाज नाही, भांड्यांचा नाही. फक्त एक खुर्ची सरकली. मला दाराखालच्या फटीतून तीन जोड्या पाय दिसत होते, एकही हलत नव्हता. खोटं कशाला बोलू, मला रागही आला आणि हसूही आलं. मी नळ सोडला. तरी पाय तिथेच.

तेव्हा मी सुरू केलं. मोठ्याने, पाण्याच्या आवाजावरून ऐकू जाईल असं.

“सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक चौसष्ट.”

मी मुद्दाम चुकले नव्हते, हे इथे स्पष्ट सांगते.

“अडुसष्ट!” बाहेरून तीन आवाज एकदम आले. आणि लगेच बाबा ओरडले, अगदी त्यांच्या जुन्या, खऱ्या आवाजात, “सतराचा पाढा येत नाही? दहावीला बसली होतीस की पहिलीला? बाहेर ये, बघतो तुझ्याकडे!”

पाच दिवसांत पहिल्यांदाच मला कोणीतरी ओरडलं होतं. मी नळाखाली डोकं घातलं आणि सावकाश, मनसोक्त अंघोळ केली. बाहेर आले तेव्हा दारात कोणी नव्हतं.